इंधनाचा उतारा : मोटारीच्या ॲव्हरेजची मोजणी, निदान आणि दुरुस्ती

विषयप्रवेश

‘उतारा’ हा शब्द मराठीत अनेक अर्थांनी वापरला जातो. परंतु धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यात, ईट आणि त्याच्या आसपासच्या बालाघाटच्या पठारावरील गावांत, तो प्रामुख्याने दोन जिनसांशी जोडलेला आहे. उसाच्या वजनाच्या मानाने किती टक्के साखर निघाली हे सांगणारा आकडा म्हणजे साखरेचा उतारा, आणि दुधाच्या मानाने किती खवा पडला हे सांगणारा आकडा म्हणजे खव्याचा उतारा. बोलीभाषेत ज्याला ‘ॲव्हरेज’ आणि जाहिरातींच्या भाषेत ज्याला ‘मायलेज’ म्हटले जाते, तो मोटारीच्या संदर्भातील आकडा तत्त्वतः याच जातीचा आहे. कारण एक लिटर इंधनातून किती किलोमीटर अंतर निघाले, एवढेच तो सांगतो. म्हणून प्रस्तुत व्याख्यानात त्याला ‘इंधनाचा उतारा’ असेही म्हटले आहे.

हे नाव केवळ सोयीचे नाही, त्यात एक पद्धतही दडलेली आहे. ज्या परिसरातील कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या परिसरातील भट्टीवाल्याला खव्याचा उतारा घटल्याचे दिसले, तर तो लगेच नवी कढई आणायला निघत नाही. दूध म्हशीचे होते की गायीचे, त्याला फॅट किती लागली, त्यात पाणी पडले होते काय, जाळ कमीजास्त झाला काय, ढवळणारा हात कोणाचा होता, हे प्रश्न तो आधी विचारतो, आणि या सर्वांची समाधानकारक उत्तरे मिळाल्यावरच कढईकडे वळून पाहतो. मोटारीच्या बाबतीत मात्र हा क्रम नेमका उलटा होतो. ॲव्हरेज पडल्याची शंका येताच गाडी गॅरेजमध्ये उभी केली जाते, प्लग, फिल्टर आणि ऑइल बदलले जाते, बिल चुकते केले जाते, आणि उतारा खरोखर घटला होता काय व दुरुस्तीनंतर तो वाढला काय, हे दोन्ही प्रश्न अनुत्तरित राहतात. मोटारीचा इंधनखर्च हा आधी हिशेबाचा आणि मग हत्याराचा विषय आहे, हे या व्याख्यानाचे मुख्य प्रतिपादन असून पुढील सर्व विवेचन त्याच्या समर्थनार्थ आहे.

ऊर्जेची जमा आणि खर्च

हिशेबाची सुरुवात जमेच्या बाजूने करावी लागते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल, म्हणजे विजेच्या जवळजवळ ९ युनिटइतकी ऊर्जा असते. यांतील फार मोठा भाग धुराड्यातून आणि रेडिएटरमधून उष्णतेच्या रूपाने निघून जातो, काही भाग इंजिनाच्या व गिअरच्या अंतर्गत घर्षणात जिरतो, आणि सर्वसाधारण पेट्रोल मोटारीत चाकांपर्यंत जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा पोचतो. हा हिस्सा चार ठिकाणी खर्च होतो: रस्त्यावर दबणारे टायर सतत वाकवत ठेवण्यात, समोरची हवा बाजूला सारण्यात, चढ चढण्यात, आणि थांबलेली किंवा मंदावलेली गाडी पुन्हा वेगात आणण्यात.

या चार खर्चांचे परस्परप्रमाण एका उदाहरणाने स्पष्ट होईल. प्रवाशांसह एक टन वजनाची लहान मोटार सपाट डांबरी रस्त्यावर चालत असेल, तर टायरांचा विरोध साधारण १२० न्यूटन असतो आणि तो वेगानुसार फारसा बदलत नाही. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की हा विरोध चौपट होतो. त्यामुळे ताशी ६० किलोमीटर वेगाला हवेचा विरोध सुमारे ११० न्यूटन, म्हणजे टायरांच्या विरोधाच्या जवळपास असतो, तर ताशी १०० किलोमीटर वेगाला तो सुमारे ३०० न्यूटनवर जातो. वाहनधारकाने गाडीत काहीही न बदलता केवळ राष्ट्रीय महामार्गावर वेग वाढवला, तरी उतारा का पडतो, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

प्रमाणपत्रातील आकडा आणि रस्त्यावरील आकडा

ॲव्हरेजविषयीच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ गाडीत नसून अपेक्षेत असते. गाडी विकत घेताना जो आकडा सांगितला जातो, तो बहुधा पुण्याच्या वेताळ टेकडीवर असलेल्या आणि १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेच्या चाचणीतून आलेला असतो. म्हणूनच बाजारात त्याला संस्थेच्या आद्याक्षरांवरून ‘एआरएआय मायलेज’ म्हणतात. ही चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडीची चाके चॅसिस डायनामोमीटर नावाच्या यंत्राच्या फिरत्या रुळांवर ठेवली जातात, ठरावीक आलेखाप्रमाणे ती कमीअधिक वेगाने चालवली जाते, आणि धुरातील कार्बनयुक्त वायूंचे मोजमाप करून किती इंधन जळाले ते गणिताने काढले जाते. भारतात वापरला जाणारा हा आलेख सुमारे वीस मिनिटांचा असून त्यातील कमाल वेग ताशी ९० किलोमीटर आहे.

या चाचणीत घाट नसतो, खड्डा नसतो, गतिरोधक नसतो, एअरकंडिशनर चालू नसतो आणि टपावर कॅरिअरही नसते. तिचा हेतू सर्व गाड्यांना एकाच तराजूत तोलण्याचा आहे, विशिष्ट गावातील विशिष्ट चालकाला किती उतारा मिळेल याचे भाकीत करण्याचा नाही. म्हणून प्रमाणपत्रातील २२ आणि रस्त्यावरील १७ किंवा १८ यांतील अंतर हा आपोआप दोष ठरत नाही. दोषाची खरी खूण वेगळी आहे: तीच गाडी, तोच रस्ता आणि तोच चालक असताना पूर्वी मिळणारा उतारा आता मिळेनासा झाला, तरच निदानाला आधार मिळतो. अर्थात पूर्वीचा उतारा लिहून ठेवलेला नसेल, तर ही तुलनाच अशक्य होते.

मोजणीची पद्धत

उतारा मोजण्याची सर्वांत विश्वसनीय घरगुती पद्धत म्हणजे ‘टाकी ते टाकी’ मोजणी. पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी, त्यानंतर वरून थेंब थेंब ओतण्याचा आग्रह धरू नये, आणि मीटरवरील किलोमीटर लिहून घ्यावेत. नेहमीप्रमाणे तीनचारशे किलोमीटर गाडी चालवल्यावर शक्यतो त्याच पंपावर, त्याच नोझलने आणि गाडी तशीच सपाट उभी करून पुन्हा आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी. मधल्या अंतराला दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरने भागले की उतारा मिळतो. उदाहरणार्थ ४०८ किलोमीटर अंतराला २४ लिटर लागले असतील, तर उतारा १७ आहे. नोझल थोडे आधी किंवा उशिरा बंद झाल्याने एका मोजणीत अर्ध्या लिटरची चूक सहज राहते, म्हणून लागोपाठच्या चार भरण्यांची बेरीज करून मगच सरासरी काढावी. पाचशे रुपयांचे पेट्रोल टाकून, दिवा लागेपर्यंत गाडी चालवून काढलेला आकडा हा अंदाज असतो, मोजणी नसते. डॅशबोर्डवर दिसणारा आकडाही यंत्राने इंजेक्टरच्या उघडझापीवरून काढलेला अंदाजच असल्याने तो तुलनेसाठी वापरावा, पुराव्यासाठी वापरू नये.

मोजणीच्या साधनांवरही एक नजर टाकावी लागते. मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवले असतील, तर चाकाचा प्रत्येक फेरा जास्त अंतर कापतो, पण मीटर जुन्याच मापाने मोजत राहते. परीघ ३ टक्क्यांनी वाढला, तर गाडीत कोणताही दोष नसताना कागदावरील उतारा सुमारे ३ टक्क्यांनी पडलेला दिसतो. पंपाच्या मापाविषयी शंका असेल, तर पंपावर ठेवलेले पाच लिटरचे प्रमाणित माप भरून दाखवण्याची मागणी ग्राहकाला करता येते. या मापात २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक कायद्याने क्षम्य मानला आहे. तो अर्ध्या टक्क्याचाच असल्याने उताऱ्यातील १५ किंवा २० टक्क्यांच्या घटीचे खापर त्यावर फोडता येत नाही.

या ठिकाणी ‘लिटरला किती किलोमीटर’ या मापाची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. १० चा उतारा १२ वर गेला, तर दर १०० किलोमीटरमागे जवळजवळ पावणेदोन लिटर वाचतात. परंतु २० चा उतारा २२ वर गेला, तर जेमतेम अर्धा लिटर वाचतो. दोन्ही ठिकाणी सुधारणा ‘दोनची’ असली, तरी खिशातील फरक सारखा नाही. म्हणून जुन्या, जड आणि कमी उताऱ्याच्या जीपवर किंवा पिकअपवर केलेली दुरुस्ती लहान मोटारीवरील दुरुस्तीपेक्षा बहुधा अधिक पैसे वाचवते.

पहिला प्रश्न : इंधन

मोजणीतून घट सिद्ध झाल्यावर भट्टीवाल्याच्या क्रमाने पहिला प्रश्न दुधाचा, म्हणजे इंधनाचा येतो. गेल्या काही वर्षांत भारतात विकल्या जाणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वाढत गेले, आणि २० टक्के मिश्रणाचे जे उद्दिष्ट आधी २०३० साठी ठरले होते, ते अलीकडे ओढून २०२५ मध्ये गाठण्यात आले. या मिश्रणाला ‘ई-२०’ म्हणतात. मराठवाड्यातील ऊसउत्पादकासाठी ही नवी बाजारपेठ आहे, कारण उसाचा रस आणि मळी यांपासून इथेनॉल तयार होते. परंतु वाहनधारक म्हणून त्याच शेतकऱ्याला एक साधे गणित समजून घ्यावे लागते. एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१ मेगाज्यूल ऊर्जा असते, म्हणजे पेट्रोलपेक्षा जवळजवळ एक तृतीयांश कमी. त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई-२० च्या लिटरमध्ये ६ ते ७ टक्के आणि १० टक्के मिश्रणाच्या तुलनेत सुमारे साडेतीन टक्के ऊर्जा कमी भरते.

नीती आयोगाच्या जून २०२१ मधील इथेनॉलविषयक आराखड्यातही, शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींचा उतारा ई-२० वर ६ ते ७ टक्क्यांनी, तर १० टक्के मिश्रणासाठी बनवून ई-२० साठी जुळवलेल्या चारचाकींचा उतारा १ ते २ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज दिलेला आहे. या आकड्यांचा निदानातील उपयोग दुहेरी आहे. जुन्या गाडीचा उतारा १८ वरून १७ वर आला असेल, तर त्या घटीचा बहुतेक भाग इंधनाच्या नावे टाकता येतो, आणि त्यासाठी गाडीचे इंजिन उघडणे व्यर्थ ठरते. पण उतारा १८ वरून १४ वर आला असेल, तर ही घट २० टक्क्यांहून अधिक असल्याने इथेनॉलचे नाव पुढे करून मोकळे होता येत नाही. त्या गाडीत, तिच्या रस्त्यात किंवा चालवण्यात दुसरे काहीतरी निश्चित बदललेले असते.

दुसरा प्रश्न : रस्ता, ओझे आणि चालक

दुधानंतर जाळ आणि हात. बालाघाटच्या डोंगररांगांत चढउताराचा हिशेब सपाट प्रदेशापेक्षा वेगळा पडतो. एक टन वजनाची गाडी १०० मीटर उंच चढवण्यासाठी सुमारे एक मेगाज्यूल ऊर्जा चाकांवर लागते, आणि इंजिनाची एकंदर कार्यक्षमता चौथा हिस्सा धरली, तर त्यासाठी सुमारे १२० मिलिलिटर पेट्रोल जळते. हा खर्च अटळ आहे. परंतु उतरताना त्यातील काही भाग वसूल करता येतो, आणि नेमक्या याच ठिकाणी एक जुना गैरसमज आड येतो. घाट उतरताना गाडी न्यूट्रल केली की पेट्रोल वाचते, ही समजूत कार्ब्युरेटरच्या काळातील आहे. इंजेक्शन असलेल्या आजच्या गाडीत गिअर टाकलेला ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, तर फिरती चाकेच इंजिनाला फिरवत ठेवतात आणि संगणक इंधन पूर्णपणे तोडतो. याउलट न्यूट्रलमध्ये इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला इंधन द्यावेच लागते. शिवाय न्यूट्रलमध्ये इंजिनाचा रोध नाहीसा होऊन सर्व भार ब्रेकवर येतो, आणि लांब उतारावर तापलेले ब्रेक निकामी होण्याचा धोका वाढतो. न्यूट्रलमध्ये घाट उतरणारा चालक अशा रीतीने इंधनही घालवतो आणि जीवही धोक्यात घालतो.

गतिरोधकांचा खर्च सहसा कोणाच्या हिशेबात येत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाची एक टनाची गाडी जवळजवळ थांबवून पुन्हा त्याच वेगाला आणण्यासाठी सुमारे १७ मिलिलिटर पेट्रोल लागते; वाटेतील गावांत आणि शाळांसमोर असे वीस गतिरोधक असतील, तर एका फेरीत सुमारे एक तृतीयांश लिटर त्यांवरच खर्ची पडते. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे वारंवार मंदावून पुन्हा वेग घेतल्यानेही हाच परिणाम होतो. गतिरोधक काढता येत नाही आणि काढू नये. मात्र तो दुरून दिसताच ॲक्सिलरेटर सोडून गाडी आपसूक मंदावू दिली, तर ब्रेकमध्ये उष्णता होऊन वाया जाणारी गती अंतर कापण्यासाठी वापरली जाते. शेवटच्या क्षणी ब्रेक दाबणारा आणि दुरून पाय काढणारा असे दोन चालक एकाच गाडीवर बसवले, तर उताऱ्यात पडणारा फरक अनेक सुट्या भागांच्या बदलीनेही पडत नाही.

इतर गोष्टी थोडक्यात सांगता येतात. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या मार्गदर्शनानुसार गाडीत ४५ किलो जादा ओझे असेल, तर उतारा सुमारे १ टक्क्याने घटतो, आणि लहान गाडीत हा परिणाम अधिक जाणवतो. टपावरील भरलेले कॅरिअर हवेचा विरोध वाढवत असल्याने महामार्गाच्या वेगाला त्याचा तोटा ओझ्यापेक्षा कितीतरी मोठा असतो, म्हणून लग्नसराई किंवा यात्रा संपल्यावर कॅरिअर उतरवून ठेवावे. उभ्या गाडीचे चालू इंजिन आकारानुसार तासाला अर्धा ते एक लिटर इंधन पिते, आणि एअरकंडिशनर चालू असेल तर त्याहून अधिक. घर ते बसस्थानक असे दोनतीन किलोमीटरचेच फेरे होत असतील, तर इंजिन पुरेसे तापण्यापूर्वीच बंद होते, थंड इंजिनाला अधिक इंधन लागते, आणि उतारा कोणत्याही दोषाशिवाय खाली राहतो. म्हणून वापर बदलला आहे काय, हा प्रश्न सुटे भाग बदलण्यापूर्वी विचारला पाहिजे.

तिसरा प्रश्न : चाके

वरील दोन्ही प्रश्नांतून घटीचा उलगडा झाला नाही, तरच कढईकडे, म्हणजे गाडीकडे वळावे. आणि तेथेही इंजिनाआधी चाके पाहावीत, कारण ती तपासणे स्वस्त आहे. टायरातील हवेचा योग्य दाब चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेला असतो, आणि तो सकाळी, गाडी न चालवलेली असताना मोजायचा असतो, कारण चालून तापलेल्या टायरात दाब वाढलेला दिसतो. वर उल्लेखिलेल्या मार्गदर्शनानुसार सर्व टायरांतील सरासरी दाब १ पीएसआयने उतरला, तर उतारा सुमारे ०.२ टक्क्याने घटतो. पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर पडणारा पौंडातील दाब. याचा अर्थ कमी हवा हे सतत गळणारे छोटे छिद्र आहे. ते बुजवलेच पाहिजे, पण मोठ्या घटीचे कारण म्हणून त्याच्यावर थांबता येत नाही. टायरची एकच कड झिजत असेल, तर चाकांची दिशा बिघडलेली असून अलाइनमेंट करून घ्यावे लागते.

चिकटलेला ब्रेक हे मात्र मोठ्या घटीचे आणि बहुधा दुर्लक्षित राहणारे कारण आहे. चिखलमाती, गंज किंवा अडकलेला पिस्टन यांमुळे ब्रेक पाय काढल्यावरही पूर्ण सुटत नाही, आणि हँडब्रेकची तार गंजली, तर मागची चाके अर्धवट आवळलेली राहतात. याची परीक्षा साधी आहे. शेवटचा टप्पा शक्यतो ब्रेक न लावता गाडी चालवून थांबवावी आणि चारही चाकांच्या जवळ, स्पर्श न करता, हात नेऊन उष्णता ताडून पाहावी. एखादे चाक इतरांपेक्षा स्पष्टपणे गरम असेल, तर दोष तेथेच आहे. खात्रीसाठी मेकॅनिककडून गाडी जॅकवर उचलून प्रत्येक चाक हाताने फिरवून पाहता येते. असाच अदृश्य तोटा घसरणाऱ्या क्लचमुळे होतो. इंजिनाचा आवाज चढतो पण वेग त्या मानाने वाढत नाही, ही त्याची खूण आहे.

चौथा प्रश्न : इंजिन

इंजिनाच्या निदानाची रीत एका पिढीत पूर्णपणे बदलली. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या पद्मिनीसारख्या गाड्यांत हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण कार्ब्युरेटर करीत असे, आणि कुशल मिस्त्री इंजिनाच्या आवाजावरून व प्लगच्या रंगावरून स्क्रू फिरवून ते जुळवीत असे. पुढे प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आले, हे मिश्रण संगणक अनेक सेन्सरांच्या आधारे दर क्षणाला ठरवू लागला, आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ ही प्रदूषणमानके लागू झाली. त्यामुळे ‘ट्यूनिंग’ हा शब्द गॅरेजच्या पाटीवर उरला असला, तरी फिरवायचा स्क्रू उरलेला नाही. आता संगणक काय पाहतो आहे आणि जे पाहतो ते खरे आहे काय, हे तपासावे लागते.

शुद्ध पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी १ किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण राखले जाते की नाही, हे धुराड्यात बसवलेला ऑक्सिजन सेन्सर सांगतो, आणि त्यानुसार संगणक इंधन थोडे वाढवतो किंवा कमी करतो. या दुरुस्तीला तांत्रिक भाषेत ‘फ्युएल ट्रिम’ म्हणतात आणि ती टक्क्यांत मोजली जाते. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडला की ती वाचता येते. ती शून्याच्या आसपास असणे उत्तम, आणि दोन्ही दिशांना १० टक्क्यांच्या पुढे गेली, तर शोध घेणे आवश्यक ठरते. ट्रिम बरीच अधिक असेल, तर नळीतून चोरून हवा शिरणे किंवा इंधनाचा पंप अशक्त होणे संभवते. ती बरीच उणे असेल, तर इंजेक्टर गळत असण्याची शक्यता असते. ई-२० वर चालणाऱ्या जुन्या गाडीत ती काहीशी अधिक दिसणे स्वाभाविक आहे, हे विसरू नये. स्वतः ऑक्सिजन सेन्सरच म्हातारा होऊन चुकीची साक्ष देऊ लागला, तर संगणक प्रामाणिकपणे चुकीचे इंधन ओतत राहतो. असा गंभीर दोष दुरुस्त केल्याने उतारा ४० टक्क्यांपर्यंत सुधारू शकतो, असे अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने नमूद केले आहे. म्हणून डॅशबोर्डवरील ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा लागलेला असताना गाडी चालते आहे म्हणून महिनोन्‌महिने चालवणे, हे उताऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महाग दुर्लक्ष होय.

उष्ण प्रदेशात आणखी एक दोष माणसाच्या हातून निर्माण होतो. थर्मोस्टॅट ही इंजिन पुरेसे तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप आहे. उन्हाळ्यात गाडी गरम होऊ नये म्हणून ती काढून टाकण्याची जुनी खोड काही ठिकाणी अजून टिकून आहे. झडप काढली किंवा ती उघडीच अडकली, की इंजिन नेमक्या तापमानाला पोचत नाही, संगणक ते थंडच आहे असे समजून जादा इंधन देतो, आणि मालकाला मात्र गाडी ‘थंड’ चालते याचे समाधान वाटते. अर्धा तास चालूनही तापमानाचा काटा खालीच रेंगाळत असेल, तर हा संशय घ्यावा. झिजलेले प्लग आणि अशक्त इग्निशन कॉइल यांमुळे मिश्रण न जळताच बाहेर पडते, आणि गाडी चढावर झटके देते, हेही याच वर्गातील कारण आहे.

एअर फिल्टरविषयी मात्र रूढ समजूत सुधारली पाहिजे. तुंबलेला फिल्टर कार्ब्युरेटरच्या गाडीत उतारा निश्चित खाली आणत असे. परंतु अमेरिकेतील ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ मध्ये केलेल्या अभ्यासात, इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत संगणक कमी हवेला कमी इंधन देत असल्याने उताऱ्यावर फारसा परिणाम होत नाही, गाडीची ओढ तेवढी घटते, असे आढळले. धुळीच्या रस्त्यांवर इंजिन झिजू नये म्हणून फिल्टर वेळेवर बदलावाच, पण उतारा वाढेल या आशेने नव्हे. डिझेल गाड्यांत टर्बोच्या फाटलेल्या नळीतून दाबाची हवा गळणे आणि इंजेक्टर बिघडणे ही प्रमुख कारणे आहेत. बीएस-६ डिझेलमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो, आणि साठलेली काजळी जाळण्यासाठी संगणक अधूनमधून जादा डिझेल खर्च करतो. गाडी फक्त गावातच फिरत असेल, तर ही सफाई वारंवार सुरू होऊन अर्धवट राहते आणि उतारा घटतो. अशा गाडीला आठवड्यातून एकदा तरी मोकळ्या रस्त्यावर वीस मिनिटे सलग, एकसारख्या वेगात चालवणे हीच दुरुस्ती ठरते.

दुरुस्तीचा अर्थव्यवहार

निदान झाल्यावर खर्चाचा निर्णयही आकड्यांनीच घ्यावा. वर्षाला १२,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा उतारा १८ ऐवजी १५ मिळत असेल, तर ६६७ लिटरऐवजी ८०० लिटर इंधन लागते. लिटरला १०० रुपये धरले, तरी वर्षाला सुमारे १३,३०० रुपये जादा जातात, आणि काही हजारांचा सेन्सर वर्षाच्या आत आपली किंमत फेडतो. याउलट वर्षाला ३,००० किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत हाच तोटा ३,३०० रुपयांचा असतो, आणि मोठी दुरुस्ती करताना केवळ उताऱ्याचे कारण पुरेसे ठरत नाही. एका वेळी एकच भाग बदलावा आणि पुढच्या भरण्यांचा उतारा पाहावा, हा नियम पाळला नाही, तर कोणत्या औषधाने गुण आला हे कधीच कळत नाही. इंधनाच्या नळीवर लावायची चुंबके, टाकीत टाकायच्या गोळ्या आणि सॉकेटला जोडायच्या डब्या यांबाबत एवढेच पुरे, की अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तपासलेल्या अशा शंभराहून अधिक साधनांपैकी कोणतेही उतारा लक्षणीयपणे वाढवणारे आढळले नाही.

समारोप

मराठीत ‘उतारा’ म्हणजे मिळालेले उत्पन्न, आणि ‘उतारा’ म्हणजे दोषावरचा इलाजही. मोटारीच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकाच जागी भेटतात, कारण पहिला उतारा लिहून ठेवल्यावाचून दुसरा सापडत नाही. आधी इंधन, मग रस्ता आणि हात, मग चाके आणि सर्वांत शेवटी इंजिन, या क्रमाचा बराचसा भाग कोणत्याही गॅरेजमध्ये पैसे मोजण्याआधी घरच्या अंगणात पार पाडता येतो. दूध संकलन केंद्रावर लिटर आणि फॅट यांची नोंद रोज होते, आणि फॅट एका पॉइंटने घसरली तरी शेतकरी त्याच दिवशी कारण विचारतो. त्याच घरासमोर उभ्या असलेल्या, त्या दुधाहून महाग इंधन पिणाऱ्या गाडीची मात्र एकही नोंद नसते. प्रत्येक वाहनधारकाने गाडीच्या खणात एक वही ठेवावी, प्रत्येक भरण्याला तारीख, मीटर आणि लिटर हे तीन आकडे तीत लिहावेत, आणि मेकॅनिकच्या हाती किल्ली देण्यापूर्वी ती वही द्यावी.